कात्रीवाले तारणहार

२०२२ च्या ऑक्टोबरात लंडनच्या एका लिलावात एका पानाला ऐंशी लाख पौंडांहून अधिक किंमत आली. पुस्तकाला नव्हे, पानाला. इराणच्या शाह तहमास्पसाठी सोळाव्या शतकात तब्रीझला तयार झालेल्या, शाहनामा या फारसी महाकाव्याच्या प्रतीचं ते पान. रुस्तुम आपला लाडका घोडा रख्श अफ्रासियाबाच्या कळपातून सोडवून आणतो, तो प्रसंग त्यावर रंगवलेला आहे. त्याच पुस्तकाचं दुसरं एक पान २०११ मध्ये सुमारे ७४ लाख पौंडांना गेलं होतं. आकड्यांनी डोळे दिपतात हे मला समजतं. समजत नाही ते त्यामागून येणारं कौतुक. पान पुस्तकातून बाहेर आलंच कसं, हे कुणी विचारत नाही. ज्यांनी ते काढलं, ज्यांनी विकलं आणि ज्यांनी घेतलं, त्या सगळ्यांना वारशाचे रक्षणकर्ते म्हणून ओवाळून मंडळी मोकळी होतात.

हे मत लंडन-न्यूयॉर्कपुरतं असतं तर मी इथे शाई खर्च केली नसती. पण मुंबई-पुण्याच्या कलादालनांत, संग्राहकांच्या मुलाखतींत, उद्घाटनाच्या भाषणांत ते इतक्यांदा कानांवर पडलंय की आता मला तोंडपाठ आहे. त्यांच्या बाजूने, त्यांच्याच थाटात सांगतो. "फारसी-अरबी हस्तलिखितं आज जगात दिसतात ती संग्राहकांच्या कृपेने. ज्यांच्या मशिदींत, वाड्यांत, राजवाड्यांत ती होती त्यांना त्यांची कदर नव्हती. त्यांनी ती वाळवीला घातली नाहीतर रद्दीला. पैसा आला तेव्हा ती वाचली. आता पानं सुटी केली म्हणता, तर त्यात बिघडलं काय? पुस्तक एका कपाटात पडून राहतं, सुटी पानं पन्नास शहरांत लाखो लोक बघतात. मजकुराचं काय घेऊन बसलात, शाहनामा छापलेला मिळतो. अपूर्व आहे ते चित्र. मुघल बादशहासुद्धा पानं कापून अल्बम करत होतेच की. आणि आता सगळं डिजिटल झालंय. पडद्यावर जोडा पानं हवी तशी!"

ऐकायला किती शहाणपणाचं वाटतं ना? आधी त्या 'वाचवलं'कडे वळू, कारण बाकीचा सगळा डोलारा त्यावर उभा आहे. आणि त्यासाठी ज्याच्या पानाला ऐंशी लाख आले त्या पुस्तकाचीच कुंडली मांडू.

तहमास्पचा शाहनामा म्हणजे ७५९ पानं आणि २५८ चित्रं. सुलतान मुहम्मद, मीर मुसव्विर, आका मीरक असे इराणी चित्रकलेतले त्या काळचे दिग्गज त्यावर कित्येक वर्षं राबले. मीर मुसव्विरचा मुलगा मीर सय्यद अली पुढे हुमायूनच्या पदरी आला, म्हणजे मुघल चित्रकलेचं मूळ शोधणाऱ्यालाही या पुस्तकाची पानं उलटावी लागतात. १५६८ मध्ये तहमास्पने ते ऑटोमन सुलतान दुसरा सलीम गादीवर आला म्हणून त्याला नजराणा धाडलं. इस्तंबूलच्या राजवाड्यात ते सव्वादोनशे वर्षांहून अधिक काळ होतं. नुसतं पडून नव्हतं. इ.स. १८०० च्या सुमारास दरबारातल्या एका अधिकाऱ्याने त्यातल्या चित्रांमध्ये काय चाललंय हे सांगणारी तुर्की टिपणं लिहून त्या-त्या चित्रासमोर घातली. कदर नसलेल्या माणसांचे हे धंदे! पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी ते पॅरिसच्या रॉथशिल्ड घराण्याकडे दिसतं. अखंड. १९५९ मध्ये आर्थर होटन नावाच्या अमेरिकन उद्योगपतीने ते घेतलं. तेव्हाही अखंड.

होटन म्हणजे कुणी भुरटा व्यापारी नव्हे. हार्वर्ड विद्यापीठातल्या दुर्मीळ ग्रंथांच्या ग्रंथालयाला त्याचं नाव आहे, कारण पैसा त्याचा. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमच्या विश्वस्तांचा तो अध्यक्ष होता. ग्रंथप्रेमी म्हणून याहून वरचं प्रशस्तिपत्र जगात कुठे मिळत नाही. तर या ग्रंथप्रेमी गृहस्थाने पुस्तक उसवलं. १९७० मध्ये ७८ चित्रं त्याने मेट्रोपॉलिटनला दिली. करसवलतीचा हिशेब त्यामागे होता अशी टीका तेव्हापासून होत आली आहे, पण मला तो वाद उकरायचा नाही, दान म्हणून घेतलं तरी ते कात्रीनेच झालेलं दान आहे. १९७६ मध्ये सात पानं लंडनला लिलावात गेली, मग आणखी काही दलालांमार्फत, १९८८ मध्ये आणखी चौदा. १९९० मध्ये होटन गेला. १९९४ मध्ये व्हिएन्नाच्या विमानतळावर शेवटचा सौदा झाला. उरलेली ११८ चित्रं, मजकुराची पानं आणि रिकामी बांधणी इराणने घेतली, आणि बदल्यात तेहरानच्या संग्रहालयातलं विलेम डी कूनिंगचं एका विवस्त्र बाईचं चित्र दिलं. ते चित्र पुढे २००६ मध्ये १३ कोटी ७५ लाख डॉलरांना विकलं गेलं अशा बातम्या झाल्या. म्हणजे ज्यांना स्वतःच्या ठेव्याची कदर नाही असं आपण म्हणतो, त्या देशाने पुस्तकाचा सांगाडा परत मिळवण्यासाठी केवढी किंमत मोजली बघा.

आता सांगा, या पुस्तकाला कुणापासून वाचवलं? तहमास्पच्या सफवी दरबारापासून? ते त्यांनीच घडवलं. ऑटोमनांपासून? त्यांनी त्याला टिपणं जोडली. चारशे वर्षांत राजवटी गेल्या, साम्राज्यं बुडाली, दोन महायुद्धं झाली, आणि पुस्तकाचं पान हललं नाही. ते फुटलं शांततेच्या काळात, श्रीमंत देशात, ग्रंथप्रेमाच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या माणसाच्या हातून. वाळवीला जे चार शतकांत जमलं नाही ते या माणसाने वीस वर्षांत उरकलं.

आणि होटन पहिला नव्हता. चौदाव्या शतकातला, मंगोल राजवटीतला तो भव्य शाहनामा घ्या. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत पॅरिसमध्ये दमोत नावाच्या दलालाच्या हाती तो लागला. अख्खं पुस्तक मनाजोग्या भावाला खपेना, तेव्हा त्याने ते फोडलं. एवढ्यावर भागलं असतं तर एक वेळ सोडून दिलं असतं. पण ज्या पानांच्या दोन्ही अंगांना चित्रं होती ती पानं त्याने जाडीतून उभी सोलली, एका पानाची दोन केली, म्हणजे एकाच्या जागी दोन गिऱ्हाइकं. सोलताना काही चित्रं बिघडली. सोललेल्या चित्रांच्या पाठीला आणि भोवती भलताच मजकूर चिकटवला. युद्धाच्या चित्राला लग्नाच्या ओळी लावल्या तरी विकत घेणाऱ्याला कुठे कळणार! आज त्या पुस्तकाची साठाच्या आत चित्रं ठाऊक आहेत, जगभर विखुरलेली. आणि गंमत अशी की कित्येक दशकं विद्वान त्या पुस्तकाला 'दमोत शाहनामा' म्हणत होते. ज्याने चिरफाड केली त्याचंच नाव मढ्याला! तहमास्पच्या पुस्तकालाही बराच काळ होटनचं नाव होतं. मारेकऱ्याच्या नावाने श्राद्ध घालण्याची ही विद्वत्तेची रीत मला कधी उमगली नाही.

इथे हटकून श्रीनगरच्या खिडक्या पुढे केल्या जातात. १८८१ मध्ये कॅस्पर पर्डन क्लार्क हा लंडनच्या संग्रहालयाचा माणूस काश्मीरला गेला, तेव्हा अकबराच्या हमजानाम्यातली चित्रं तिथे खिडक्यांना वारा अडवण्यासाठी लावलेली त्याला आढळली. त्याने ती उचलली, आज ती लंडनला आहेत. "बघा, तुमच्याकडे हे असं चाललं होतं!" चाललं होतं, नाकारतं कोण? पण त्या घटनेत काय दिसतं ते तरी नीट बघा. खिडकीला पुस्तक लावता येत नाही, पान लागतं. ती चित्रं खिडकीशी पोचली ती आधीच सुटी झाल्यामुळे. सुमारे १४०० चित्रांच्या त्या ग्रंथातली दोनशेही आज उरलेली नाहीत. सुट्या पानाच्या नशिबी काय असतं याचा एवढा बिनतोड पुरावा दुसरा नाही. आणि आमचे मित्र तोच पुरावा पानं सुटी करण्याच्या समर्थनार्थ सादर करतात! शिवाय त्या ग्रंथात एका बाजूला कापडावर चित्र आणि पाठीमागे कथा लिहिलेली असे. समोरचे लोक चित्र बघत आणि वाचणारा पाठचा मजकूर वाचून दाखवी. आज चौकटीत घालून टांगलं की ती पाठ भिंतीला लागते. गोष्टीतली गोष्टच गेली, राहिला तो देखावा.

'त्यांना कदर नव्हती' हे तर निव्वळ उद्धट अज्ञान आहे. पाटण्याचे वकील खुदाबख्श यांना वडिलांकडून सुमारे चौदाशे हस्तलिखितं मिळाली. त्यांनी ती वाढवत चार हजारांपर्यंत नेली आणि १८९१ मध्ये लोकांसाठी खुली केली. विकली नाहीत, फाडली नाहीत, दिवाणखान्यात टांगली नाहीत. ते ग्रंथालय आजही तिथे चालू आहे. संग्राहक या नावाला शोभणारा माणूस हवा असेल तर तो गंगेकाठी सापडतो, पण लिलावाच्या रंगीत पुस्तिकेत खुदाबख्शांचं नाव कशाला येईल? त्यांच्याकडून विकायला काही निघालंच नाही. इस्लामी जगात पुस्तक मशिदीला किंवा मदरशाला वक्फ करण्याची जुनी चाल होती. 'हे विकू नये, गहाण टाकू नये' असं पहिल्या पानावर लिहिलेलं असे, शिक्का असे. आता विचार करा, सुट्या पानांच्या बाजारात सगळ्यांत आधी काय नाहीसं होतं? पहिलं पान. वक्फाची नोंद, मालकाचा शिक्का, हे पुस्तक कुणाचं आणि कुठून उचललं याचा दाखला, सगळं त्यावरच असतं. चोराच्या दृष्टीने कात्रीइतकं सोयीचं हत्यार नाही.

आता 'मजकूर काय, कुठेही मिळतो, अपूर्व ते चित्र' हा मुद्दा. हा मांडणारे स्वतःला रसिक म्हणवतात, म्हणून चीड जास्त. हस्तलिखितात मजकूर म्हणजे फक्त शब्द नव्हेत. शेवटी पुष्पिका असते, तीत लेखनिकाचं नाव, गाव, तारीख. आत वाचणाऱ्यांनी समासात लिहिलेले शेरे असतात. मुघल ग्रंथालयांत तर पुस्तक कुणी कधी तपासलं, त्याचं मोल काय ठरलं याच्याही नोंदी होत. पानाच्या तळाशी पुढच्या पानाचा पहिला शब्द लिहिलेला असतो, म्हणजे एखादं पान गहाळ झालं तर कळावं. हे सगळं मिळून एक पुस्तक बोलतं. चित्र सुटं केलं की ते मुकं होतं, आणि मग त्याच्यावर वाट्टेल ते बोलणारे पंडित गोळा होतात.

उदाहरण पुण्यातलंच देतो. भारत इतिहास संशोधक मंडळाकडे 'तारीफ-इ-हुसेनशाही' नावाचं फारसी काव्य आहे, आफ्ताबी या कवीने अहमदनगरच्या हुसेन निजामशहाच्या स्तुतीपर लिहिलेलं, तालिकोटच्या लढाईचं वर्णन करणारं. दख्खनी चित्रकलेच्या सगळ्यांत जुन्या नमुन्यांपैकी तो एक आहे, आणि आज त्यात बारा चित्रं आहेत. ग. त्र्यं. कुलकर्णी आणि म. श्री. माटे यांनी ते १९८७ मध्ये संपादून छापलंही. यातल्या अनेक चित्रांत हुसेनशहाशेजारी बसलेली एक आकृती कुणीतरी मुद्दाम पुसून, रंग फासून घालवलेली आहे. ती राणी खुंझा हुमायून. चांदबिबीची आई. १५६५ मध्ये हुसेनशहा वारल्यावर तिने अल्पवयीन मुलाच्या नावे काही वर्षं कारभार केला, मग त्याच मुलाने तिला कैदेत टाकलं. चित्रातून तिला मिटवलं गेलं ते त्या राजकारणापायी, असा अभ्यासकांचा कयास आहे. आणि बाजूच्या मजकुरात मात्र तिच्या रूपाची, तिच्या लग्नाची वाहवा तशीच आहे! पुसणाऱ्याच्या नजरेतून काव्य निसटलं, किंवा त्याने वाचायचे कष्ट घेतले नाहीत. चित्र मिटलंय आणि ओळी शाबूत आहेत, हे दोन्ही एकाच पुस्तकात शेजारी-शेजारी असल्यामुळे आपल्याला निजामशाहीच्या जनानखान्यातलं सत्तेचं भांडण दिसतं.

हेच पुस्तक पॅरिसला दमोतच्या हाती पडलं असतं तर? न पुसलेली दोन-चार चित्रं उंची भावाने गेली असती. त्यांत ते सुंदर चित्रही गेलं असतं, जिच्या स्पर्शाने झाड मोहरतं अशा स्त्रीचं, म्हणजे संस्कृत कवींच्या दोहदाची कल्पना फारसी काव्यात आलेली. त्याला कुणी 'हिंदू विषय' म्हणून वेगळ्या दालनात टांगलं असतं. पुसलेली चित्रं 'खराब प्रत' म्हणून स्वस्तात किंवा कचऱ्यात. आणि मजकुराची पानं? ती कुणाला हवीत! म्हणजे नेमका जो पुरावा होता तोच बाजारभावाने टाकाऊ ठरला असता. रसिकांची ही अशी निवड असते. वाडा पाडून त्याचे कोरीव खांब हॉटेलच्या दारात उभे करायचे आणि वाडा जपला म्हणून टाळ्या घ्यायच्या, तसलं हे जपणं.

विजापूरची गोष्ट तर त्यांनी जरूर ऐकावी, कारण ती माझ्याविरुद्ध वापरता येईल असं त्यांना वाटतं. आदिलशाही ग्रंथसंग्रहातलं जे आसार महालात उरलं होतं ते इंग्रजांनी १८५३ मध्ये लंडनला हलवलं, चारशेहून अधिक हस्तलिखितं. ते न्यायला नको होतं हे माझं मत आहे. पण ती हस्तलिखितं तिथे एक संग्रह म्हणून राहिली, बांधणीसकट, शिक्क्यांसकट. त्यामुळे इब्राहिम आदिलशहाच्या ग्रंथालयात काय होतं, कुणाकडून कधी आलं, याचा आज अभ्यास होऊ शकतो. म्हणजे भांडण पूर्व-पश्चिमेचं नाही, माझ्यावर तसा शिक्का मारू नये. डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहात १५७० चं विजापूरचं 'नुजूम-उल-उलूम' आहे. ग्रहतारे, योगिनी, हत्ती, घोडे, शस्त्रं, सात मजली सिंहासन, असं सगळं विश्व त्यात आहे. पुस्तकरूपात आहे म्हणून तो एका दख्खनी दरबाराचा ज्ञानाचा आराखडा ठरतो. फोडलं असतं तर योगिनी 'तांत्रिक कला' म्हणून एकाकडे, हत्ती दुसऱ्याकडे, ज्योतिषाचे तक्ते तिसऱ्याकडे, आणि या सगळ्यांचा एकमेकांशी काही संबंध होता हे कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं.

इथे कुणी म्हणेल, हे झाले राजेरजवाड्यांचे सचित्र ग्रंथ, साध्या पोथ्यांना कोण फोडतो? फोडतात. बर्मिंगहॅम विद्यापीठातली कुराणाची दोन पानं २०१५ मध्ये जगभर गाजली. कार्बन-चाचणीत त्यांचं चामडं इ.स. ५६८ ते ६४५ च्या दरम्यानचं निघालं, म्हणजे पैगंबरांच्या हयातीच्या आसपासचं. ही दोन पानं १९२० च्या दशकात जमवलेल्या संग्रहात आली होती आणि भलत्याच, नंतरच्या एका प्रतीच्या पानांत बांधून पडली होती. त्याच मूळ प्रतीची सोळा पानं पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत. ती कैरोजवळच्या फुस्तातच्या अम्र मशिदीतल्या जुन्या संग्रहातून एकोणिसाव्या शतकात बाहेर पडली. एका अभ्यासक बाईने अक्षराचं वळण ताडून हे धागे जुळवले, त्यात वर्षं गेली. आपण 'शोध लागला, शोध लागला' म्हणून नाचलो. अहो, शोध कसला? दोनशे वर्षांपूर्वी कुणीतरी जे उसवलं ते कसंबसं टाचलं. कुराणाच्या आरंभकाळाचा अभ्यास करणाऱ्या विद्वानांचा निम्मा जन्म दलालांनी पसरलेला पसारा आवरण्यात जातो, आणि दलालांच्या गिऱ्हाइकांना आपण आश्रयदाते म्हणतो. तीच गत निळ्या कुराणाची. गडद निळ्या चामड्यावर सोन्याची अक्षरं. त्याची पानं जगभर पसरली आहेत. ते ट्युनिशियात घडलं, स्पेनमध्ये की बगदादला, यावर विद्वान अजून भांडतात.

'लाखो लोक बघतात' हा मुद्दा मला सगळ्यांत विनोदी वाटतो. कुठे बघतात? २०११ आणि २०२२ मध्ये विकलेली ती पानं आज कुणाच्या भिंतीवर किंवा कुठल्या तिजोरीत आहेत, तिथे जाऊन बघा बरं. संग्रहालयात गेलेलं पान बघायला मिळतं हे खरं, पण उजेडाने रंग उडतात म्हणून तेही वर्षातून थोडे महिनेच बाहेर असतं. पुस्तकाचं रोज एक पान उलटून दाखवता येतं, त्याची छायाचित्रं काढता येतात, त्याची हुबेहूब प्रत छापता येते. लोकांना दाखवण्यासाठी फाडावं लागतं हा युक्तिवाद जर खरा, तर ज्ञानेश्वरीच्या जुन्या पोथ्यांची पानं आपण अजून का वाटली नाहीत? एका अध्यायाचं एक गाव, वाटून टाकू. नाही म्हणता? का बरं?

बादशहांच्या अल्बमचा दाखला देणाऱ्यांनी निदान एक अल्बम उघडून बघितलाय का, असा मला संशय येतो. होय, मुरक्के बनत. चित्रं, सुलेखनाचे तुकडे एकत्र चिकटवून त्यांची नवी मांडणी होई. पण त्यातून नवं पुस्तक जन्मत असे. सफवी राजपुत्र बहराम मिर्झाचा मुरक्का १५४४ मध्ये दोस्त मुहम्मदने जुळवला तेव्हा त्याने त्याला लांबलचक प्रस्तावना लिहिली. कोण चितारी, कोण लेखनिक, कुणाचा शिष्य कोण, हे सगळं तीत आहे. इराणी कलेचा इतिहास लिहिणारा प्रत्येक जण आजही तिचा आधार घेतो. दमोतने कुठली प्रस्तावना लिहिली? होटनच्या लिलावाने कुठल्या चिताऱ्याची गुरुपरंपरा सांगितली? एकाने जुळवलं, दुसऱ्याने उधळलं, आणि दोघांच्या हाती कात्री होती म्हणून दोघे सारखे? हा न्याय लावला तर शल्यविशारद आणि सुरामारू एकाच बाकावर बसतील.

आणखी एक गोष्ट, जी सुट्या पानांचे चाहते कधीच काढत नाहीत. पुस्तकाची खोटी नक्कल करणं महाकठीण, पानाची सोपी. जयपूर-दिल्लीच्या पर्यटकांच्या दुकानांत जुन्या उर्दू-फारसी मजकुराच्या पानांवर परवा रंगवलेले उंट-हत्ती-बेगमा विकायला असतात, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिलंय, काहींनी घेतलंयही. इस्तंबूलच्या बाजारात असल्याच पानांवर मध्ययुगीन वैद्य शस्त्रक्रिया करताना, ज्योतिषी दुर्बीण लावून बसलेले दिसतात. ती चित्रं 'इस्लामी विज्ञान' म्हणून पुस्तकांच्या मुखपृष्ठांपर्यंत पोचली आहेत. दुर्बीण सतराव्या शतकातली, ज्योतिषी त्याच्याही आधीचा, पण विचारतो कोण? या रंगकामासाठी कागद कुठून येतो? खऱ्या जुन्या पोथ्या फाडून. ज्या फिकहच्या म्हणजे इस्लामी कायद्याच्या, व्याकरणाच्या, वैद्यकाच्या पोथीत चित्र नाही म्हणून भाव नाही, तिचं एकेक पान फाडून त्यावर चित्र काढलं की भाव येतो. हा धंदा चालतो तो 'एक पान पुरे' या चवीवर. दिवाणखान्यात चौकटीतलं फारसी पान मिरवणाऱ्या, त्यावर उलटं लिहिलंय की सुलटं हेही न कळणाऱ्या सज्जनांच्या आवडीवर.

राहता राहिलं डिजिटल. मी त्याच्या विरोधात नाही. केंब्रिजमध्ये शाहनाम्याच्या जगभरच्या प्रतींमधल्या चित्रांची सूची करण्याचं काम वर्षानुवर्षं चाललं, ते मोलाचं आहे. तहमास्पच्या पुस्तकातली सगळी २५८ चित्रं मेट्रोपॉलिटनने २०११ मध्ये एका ग्रंथात एकत्र छापली, तेही उत्तम. पण त्या ग्रंथात उरलेली सुमारे पाचशे पानं कुठे आहेत? ज्या पानांवर चित्र नाही ती? चित्राच्या आधीच्या पानावर लेखनिक मुद्दाम ओळी तिरप्या लावतो, पसरून लिहितो, म्हणजे पान उलटल्यावर नेमक्या त्या ओळीला चित्र समोर यावं. ही करामत पडद्यावर जोडलेल्या चित्रांत कशी दिसेल? बांधणीची शिलाई, कागदाची घडी, शेजारच्या पानावर उमटलेला रंगाचा डाग, यांतून अभ्यासक किती काय काढतात! स्कॅन म्हणजे पुस्तकाचं छायाचित्र. माणसाचं छायाचित्र आहे म्हणून माणसाचे हातपाय तोडायला हरकत नाही, असं कुणी म्हणत नाही. आणि खासगी तिजोरीतल्या पानाचं स्कॅन मालक देईल तरच. मालकाची मर्जी हीच अभ्यासाची अट झाली, याला लोकशाही म्हणायचं?

'ज्याची वस्तू त्याचा हक्क' हे शेवटचं हत्यार बाहेर येतं तेव्हा समजावं की बाकी भाता रिकामा झाला. कायद्याने असेल हक्क. वि. का. राजवाडे गावोगाव हिंडून दप्तरं धुंडाळत होते, तेव्हा एखाद्या पत्रावरचा शिक्का फार देखणा म्हणून तेवढाच कापून त्यांनी खिशात घातला असता आणि बाकी पत्र वाण्याकडे सोडलं असतं, तर त्यांना आपण काय म्हटलं असतं? संग्राहक?

म्हणून इथून पुढे असल्या लिलावाची बातमी छापणाऱ्यांना आणि कलादालनांतल्या वक्त्यांना माझी मागणी एवढीच. 'दुर्मीळ', 'राजेशाही', 'वारसा' हे शब्द वापरायचे तर जरूर वापरा. पण त्याच वाक्यात पानाचं मूळ पुस्तक कोणतं, ते कोणत्या साली अखंड होतं, कोणत्या साली उसवलं गेलं आणि कुणी उसवलं, हेही लिहा. संग्रहालयांनी आपल्या पाटीवर दात्याच्या नावाखाली कापणाऱ्याचं नाव कोरावं, मग दोन्ही नावं एकच निघाली तरी चालेल. लिलाववाल्यांनी यादीत 'सचित्र पान, सोळावं शतक' या ओळीखाली 'पुस्तकातून वेगळं केलं, १९५९ नंतर' अशी ओळ छापावी, तितक्याच मोठ्या अक्षरांत. मग ऐंशी लाखांना पाटी वर करणारे किती हात उरतात ते बघू.